पाणकराच्या घरची भांड्यांची मशीन

"चार वाजेपावतर थांबतो मी. काटा चारच्या वर गेला का मंग कोनाचं आयकत नाही," रुख्मिणीनं सांगितलं.

"आतापावतर कधी आयकलंस?" पुनाराम मशीनच्या पोटात डोकं घालून म्हणाला.

"पाच दिवसापासून आयकूनच रायलो ना. पन आज दहा मानसाइचं उष्टं पडलं आहे. उष्टं घरात ठेवून पानी सोडाल तुमी? तुमच्या बापानं सोडलं होतं कधी?"

बापानं सोडलं नव्हतं, आज्यानंही नाही. पुनाराम कापगते गावच्या तलावाचा पाणकर. तलावातलं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी आणि किती जाईल, हे तोच ठरवतो आणि तोच पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पोटातलं दगडी तुडूम उघडून पाणी सोडतो. उन्हाळी धानाला पहिलं पाणी सोडायच्या दिवशी सकाळपासून गडी पाटातला गाळ काढतात आणि दुपारी पाणकराच्या घरी जेवतात. त्या जेवणाचं शेवटचं ताट धुऊन पालथं पडल्याशिवाय पाणकर तुडमाला हात लावत नाही. का, ते कोणी विचारलं नाही. विचारून काय होणार होतं? आज तोच दिवस. वरण-भात, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी खाऊन गडी पाळीवर जाऊन आडवे झाले होते, आणि दहा ताटं, वाट्या, भाताचा गंज मागच्या सांदवाडीत माशा जमवत पडले होते.

घासायला माणूस नाही, असंही नव्हतं. पुनारामनं स्वतः चार दिवस भांडी घासली होती. दार लावून घासली, पण घासली. अडचण अशी होती की रुख्मिणीला दुसऱ्याच्या हातची भांडी पटत नाहीत. ताटावरून अंगठा फिरवायचा, तेल लागलं की "याले घासनं मनतेत काय?" म्हणायचं, आणि पहाटे सगळे झोपेत असताना तीच भांडी पुन्हा घासायची. शेजारच्या सुनेनं घासली तरी तेच. चाळीस वर्षांची सवय. ती सवय आता तिच्या हाताच्या जिवावर उठली होती.

रुख्मिणीला शुगर. मागच्या वर्षी तारेच्या घासणीचं एक टोक उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिरलं. तिनं हळद दाबली, चिंधी बांधली आणि अकरा दिवस कोणाला सांगितलं नाही. बोट काळं पडलं तेव्हा वास आला, म्हणून कळलं. गोंदियाच्या दवाखान्यात दोन पेरं कापली. डॉक्टरनं पुनारामला बाजूला नेऊन नाही, तिच्या तोंडावरच सांगितलं, की हात कोरडा राहिला पाहिजे. पुढच्या वेळी बोट नाही, पंजा जाईल. आणि आता पहिल्या बोटाच्या नखाशी पुन्हा एक चीर पडली होती. त्यावर पांढरी पट्टी होती, आणि त्या पट्टीची कड आज सकाळी ओली होती. पुनारामनं पाहिली, तिनं पदराखाली लपवली.

भांड्यांची मशीन मुलानं, राहुलनं, दिवाळीत पुण्याहून टेम्पोत घालून आणली होती. त्याची स्वतःची, वापरलेली. गाव पाहायला आलं. पलीकडच्या घरचा चुन्नीलाल बिसेन म्हणाला, भांडे घासाची झाली, आता जेवाचीबी मांगून घ्या, पुनाराम भाऊ. रुख्मिणी आठ दिवस मशीनशी बोलली नाही. नवव्या दिवशी मशीनमधून निघालेल्या ताटावर अंगठा फिरवला. अंगठा कर्रकन वाजला. तिनं ताट ठेवून दिलं, दुसरं घेतलं, तेही वाजलं. त्यानंतर तिनं मशीनच्या भांड्याला पुन्हा पाणी लावलं नाही. आख्ख्या दुनियेत तिचा भरवसा बसला तो एवढ्या एका मशीनवर.

आणि पाच दिवसांपूर्वी तीच बसली. भांडी धुतली, पण मळकं पाणी तळाशी तसंच राहिलं आणि मशीन टुंटुं करत थांबली. राहुलनं फोनवर पाहून सांगितलं की पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप गेला. पुनारामनं चाळणी काढून आत बोटं घातली तर अर्धा चिंचोका हाती आला. पंपाच्या पंख्याचं एक पातं त्या चिंचोक्यानं तोडलं होतं, आणि पंप गुरगुर करून करून जळला होता. नागपूरच्या मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, "उस तरफ हमारा आदमी नहीं जाता." मग राहुलनं नवा पंप मागवला. कुरिअर गावापर्यंत येत नाही, म्हणून पार्सल गोंदियाजवळ कुडव्याला पुनारामच्या भाचीकडे, रेणूकडे उतरलं. रेणूनं ते एसटीच्या कंडक्टरजवळ दिलं. पण कचारगडच्या जत्रेला बसा लागल्या होत्या, गावची फेरी दोन दिवस बंद. पंप आला तो आज दुपारी बाराला, गडी ताटावर बसत होते तेव्हा.

आता अडीच वाजले होते.

पुनाराम पाण्याचा माणूस, करंटचा नव्हे. तरणा असताना मोटारीच्या स्टार्टरनं त्याला असं फेकलं होतं की तो बांधावरून चिखलात उताणा पडला आणि घटकाभर त्याला स्वतःचं नाव आठवलं नाही. तेव्हापासून तो बल्बही बदलत नाही. या घरात पिना लावायचं, फ्यूज बांधायचं काम रुख्मिणीचं. त्यावरून गावात लोक हसतात आणि तो हसू देतो. आज मात्र पट्टी बांधलेल्या हाताच्या बाईला मशीनमध्ये हात घालायला सांगणं त्याच्यानं होईना.

"पिन काढली?"

"काढली."

"दाखव."

रुख्मिणीनं पिन त्याच्या नाकासमोर धरली. मग त्यानं नळाची तोटी बंद केली, तळाचं पाणी फडक्यानं टिपलं, जमिनीवर पोती अंथरली, आणि दोघांनी मिळून मशीन पाठीवर निजवली. म्हशीला औषध पाजायला आडवं पाडावं तशी. खालचा पत्रा काढला. आत तारा, नळ्या, आणि एका बाजूला मुठीएवढा काळा पंप. राहुलनं पाठवलेला व्हिडिओ त्यानं तीन दिवसांत वीसदा पाहिला होता. खटका दाबायचा, पंप पाव फेरा फिरवायचा, ओढायचा. व्हिडिओतल्या माणसाचा पंप लोण्यातून निघावा तसा निघाला होता. याचा हलला नाही. पुनारामनं दाबलं, पिळलं, दम खाल्ला, पुन्हा पिळलं. अर्धा तास गेला. खटक्याच्या मागं जुनं तेल घट्ट झालं होतं. शेवटी रुख्मिणीनं डाव्या हातानं चहासाठी ठेवलेल्या गरम पाण्यात फडकं भिजवून दिलं, ते त्यानं त्यावर धरलं. पंप एकदम सुटला आणि पुनाराम मागच्या मागं पोत्यावर बसला.

नवा पंप बसला तेव्हा सव्वातीन झाले होते. त्याच्या तोंडाशी रबराची काळी कडी होती. पुनारामनं तिच्यावर बोट फिरवलं. कडी कोरडी होती.

इथं त्याच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं. तलावाच्या तुडमाला एकाखाली एक भोकं असतात आणि प्रत्येक भोकात बिजाच्या झाडाच्या लाकडाचा खुंटा. नवा खुंटा ठोकला की पाणकर त्याला आधी पाणी पाजतो. कोरडं लाकूड झिरपतं, भिजलं की फुगून घट्ट बसतं. पण नुसतं एवढंच नाही. नव्या दाराला आपण पाणी पाजलं तर ते आपलं पाणी राखतं, असं बाप सांगायचा, आणि बापानं पाजलेले खुंटे बाप मेल्यावरही गळले नव्हते. सकाळी तलावातून भरून आणलेला तांब्याचा लोटा देवळीत होता, तुडमाच्या पूजेसाठी. पुनारामनं हात मागं केला. रुख्मिणीनं काही न विचारता त्या हातात लोटा दिला. त्यानं पाणी रबराच्या कडीवर सोडलं. थोडं पोत्यावर सांडलं, बाकी मशीनच्या पोटात कुठं गेलं ते दोघांपैकी कोणी पाहिलं नाही.

मशीन उभी केली. पत्रा लावला. रुख्मिणीनं पिन लावली आणि बटण दाबलं.

पंप सुरू झाला. पुनारामच्या तोंडावर हसू येऊ लागलं, तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की पंप थांबतच नाही. पाणी आत यायला पाहिजे, ते येईना. पंप रिकामाच घोंघावत होता आणि वर लाल दिवा लागून मशीन टुंटुं करत होती.

"पिन काढ."

तिनं काढली. भिंतीवरच्या घड्याळात तीन पस्तीस.

राहुलचा फोन तिसऱ्यांदा लागला. तो कुठल्यातरी मीटिंगमधून बाहेर आला होता आणि हळू बोलत होता. पंप सारखा फिरून राहिला म्हणजे मशीनला वाटून राहिलं का ती खालून गळते, तो म्हणाला. तळाला एक ट्रे असतो, त्यात पाणी जमलं का आत थर्माकोलचा तुकडा तरंगतो आन् मशीन सारं बंद करते.

"बाबा, खाली पानी सांडलं काय तुमच्या हातानं?"

पुनारामनं लोट्याकडं पाहिलं. रुख्मिणीनं पुनारामकडं पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

पोरगा पुण्यात इंजिनियर. त्याला काय सांगणार, पंपाला पाणी पाजलं म्हणून?

मग राहुल घाबरला. सांडलं नसेल तर पंप नीट बसला नाही, कडी चिमटली आहे, पाणी तारांवर जाऊन राहिलं असेल. आता कोणी पिन लावायची नाही, आईला तर हातच लावू देऊ नका, सोमवारी नागपूरवरून कोणाला तरी गाडी करून पाठवतो. असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मीटिंगमधलं कोणीतरी त्याला हाका मारत होतं.

सोमवार म्हणजे अजून चार दिवस.

"खोटं काऊन बोललात?" रुख्मिणीनं विचारलं.

"मंग काय सांगू?"

"लोट्याचंच पानी असन ते. खालचं पुसा, मी पिन लावतो."

"आन् नसन तं?"

पुनारामच्या मनात तेच घोळत होतं. लोट्याचं पाणी असेल तर पुसलं की काम झालं. पण कडी खरंच चिमटली असेल तर पाणी तारांवर येणार, आणि पिन लावणारा हात हिचा. स्टार्टरनं फेकलेलं त्याला आठवलं. डॉक्टर पंज्याची गोष्ट करत होता, इथं अख्खी बाई जाईल.

"तीन चाळीस," रुख्मिणी म्हणाली आणि सांदवाडीत जाऊन भांड्यांजवळ बसली. पाट ओढला. बादली ओढली. नुसती बसली. चार वाजायचे होते आणि ती शब्दाची पक्की होती, दोन्ही बाजूंनी.

पुनाराम मशीनसमोर उकिडवा बसला. राहुल मशीन शिकला होता, पण ओल कुठून आली हे शोधणं पुनारामच्या घरात तीन पिढ्यांचं काम. पाळीच्या खालच्या अंगाला ओल दिसली की अर्धं गाव ओरडायला लागतं, पाळ फुटली, पाळ फुटली. पाणकर ओरडत नाही. तो ओल पुसतो, त्या जागेवर चाळलेली राख टाकतो आणि एक बिडी ओढेपर्यंत बसतो. राख कोरडी राहिली तर पाणी वरून आलेलं, म्हशीचं नाहीतर माणसाचं. राख काळी पडली तर तलाव आतून येतो आहे. मग पळायचं.

त्यानं मशीनच्या पायथ्याची पट्टी काढली. आत ट्रे दिसला. त्यात बोटभर पाणी आणि पाण्यावर थर्माकोलची पांढरी चकती, कमळाच्या पानासारखी तरंगत. त्यानं फडकं घालून पाणी टिपलं, पिळलं, पुन्हा टिपलं. चकती खाली बसली आणि आत कुठंतरी टक् असं वाजलं. चुलीतली राख ओढणीच्या फडक्यातून चाळून त्यानं मूठभर ट्रेमध्ये पसरली. मग मशीनचं दार उघडून तळात पाच लोटे पाणी ओतलं, नव्या पंपाच्या डोक्यावर. आणि नाक फटीत घालून आत पाहत राहिला.

"काय करून रायले?" सांदवाडीतून आवाज आला.

"बसलो आहो."

"किती वेळ?"

"बिडीभर."

बिडी त्यानं ओढली नाही. श्वाससुद्धा जपून घेतला, राख उडायची म्हणून. बाहेर बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. भरून ठेवत होती. राख पांढरी होती. मग अलीकडच्या कडेला एक काळा ठिपका उमटला.

ठिपका मसुराएवढा. तो वाढतो का पाहत त्यानं डोळे मिटले नाहीत, डोळ्यांत घाम उतरला तरी. मसुराएवढा. मसुराएवढाच. शेजारी दुसरा ठिपका पडला आणि तो त्यानं पडताना पाहिला. त्याच्याच नाकाच्या शेंड्यावरून पडला होता. पुनारामनं डोकं मागं घेतलं आणि तोंड धोतराला पुसलं.

अजून थोडं थांबला. घाई केलेला पाणकर आणि फुटलेली पाळ, दोन्ही लोक लक्षात ठेवतात. राख कोरडीच राहिली.

"लोट्याचंच होतं," तो ओरडला. "आन भांडे."

ती उठली नाही. "आधी चालते का पाहू द्या. मंग आनतो."

त्यानं राख पुसली, पट्टी बसवली. तीन पंचावन्न. ती आत आली आणि सवयीनं पिनेकडं हात नेला. बोटावरच्या पट्टीची कड अजून ओलसर होती.

"तू दूर होय."

"तुमी लावान? तुमी?"

पुनारामनं पायात रबरी चपला घातल्या, हात दोनदा पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि तोंड एकीकडं करून पिन भोकात सारली. काही झालं नाही. मग बटण दाबलं. पंप गुरगुरला, तळातले पाच लोटे पाणी मागच्या नळीतून केळीच्या बुडाशी भळभळा पडलं, आणि पंप थांबला. मग आत नवं पाणी यायला लागलं, सर्रर्र करत. पाणी कुठं आपणहून येतं आणि कुठं आणावं लागतं, हे पुनारामला आवाजावरून कळतं. हे आपणहून येत होतं.

"चारला तीन कमी आहेत," तो म्हणाला.

"दिसून रायलं मले," रुख्मिणी म्हणाली आणि ताटं आणायला गेली. खरकटं झाडणं, चिंचोके वेचणं तिनं डाव्या हातानं केलं, यावेळी दोनदा पाहून. ताटं आत उभी लावली. गंज मावेना, तो पुनारामनं घासला आणि तिच्यासमोर घासला. लवकरच्या धुण्याचं बटण दाबलं. चाळीस मिनिटं.

अर्धा तास झाला नाही तोच चुन्नीलाल दारात. त्याची बांधी पाटाच्या तोंडाशी, पहिलं पाणी त्याचं. "पुनाराम भाऊ, तुमच्यासाठी दिवस थांबून रायला काय गा? गडी झोपून उठले, पुन्हा झोपाच्या बेतात आहेत."

"भांडे होऊन रायले," पुनाराम म्हणाला.

"मशीन सुधरली? कोन आलता नागपूरवरून?"

"कोनी नाही," रुख्मिणी आतून म्हणाली. "यायनंच सुधरवली. आधी पंपाले पानी पाजून बिघडवली, मंग राख टाकून सुधरवली."

चुन्नीलालला काही कळलं नाही. तो नुसता हसला आणि पाळीकडं निघाला, पटकन या म्हणत.

मशीन थांबली. दार उघडलं तशी वाफ आली. रुख्मिणीनं वरचं ताट डाव्या हातात घेतलं, उजव्याचा अंगठा पट्टीपासून दूर धरून ताटावर फिरवला. कर्रकन वाजलं. दुसरं घेतलं नाही. सगळी ताटं एकेक करून ओट्यावर पालथी घातली, घासलेला गंज उचलला, त्यालाही अंगठा लावला, आणि तोंड वाकडं केलं. पुनाराम वाट पाहत उभा राहिला. तिनं गंज बादलीकडं नेला नाही. फडक्यानं करकचून पुसला, कोरडाच, आणि ताटांच्या शेजारी पालथा घातला.

"राहुलले खरं सांगून टाका," ती म्हणाली. "तो तिकडं जीव मुठीत धरून बसला असन."

"तूच सांग."

"मीच सांगतो. तुमाले तं आज पानी आहे." तिनं लोटा त्याच्या हातात दिला. रिकामा. "हा भरून घ्या आता तलावावर. पूजेचं पानी पंपानं पेलं."

पुनाराम निघाला तेव्हा ऊन पाळीवरच्या मोहांच्या बुंध्यांपर्यंत उतरलं होतं. गडी उठून बसले. त्यानं धोतर खोचलं, लोटा तलावात बुडवून भरला, तुडमाच्या दगडावर ओतला आणि पाण्यात उतरला. पाणी थंड होतं. छातीपर्यंत आल्यावर त्यानं पायानं दगड चाचपला. वरचं भोक कोरडं पडलेलं, दुसरं पाण्याखाली. खुंटा फुगून बसला होता. दोन्ही पाय दगडाला देऊन त्यानं तो डावीकडं हलवला, उजवीकडं हलवला, श्वास धरून खाली गेला आणि उपसला. पाळीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज आला. पलीकडं पाटात चुन्नीलालनं हाक दिली, आलं म्हणून.

पुनाराम वर आला, खुंटा दगडावर ठेवला, फावडं खांद्यावर घेतलं आणि पाण्याच्या पुढं पुढं पाटानं चालायला लागला.